अंदाजातले सहा टक्के

२०११ च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या सॅक्ले संशोधन केंद्रातल्या मंडळींनी एक जुनी आकडेमोड नव्याने करून प्रसिद्ध केली, आणि आधीच्या तीसेक वर्षांत अणुभट्ट्यांशेजारी झालेले डझनावारी प्रयोग बसल्या जागी तोट्यात गेले. उपकरणं तीच, नोंदी त्याच. कुणी नवा स्क्रूही पिळला नव्हता. फक्त ‘किती कण दिसायला हवे होते’ हा आकडा वर सरकला. तोवर मोजलेले आणि अपेक्षित यांचं गुणोत्तर ०.९७६ होतं, म्हणजे चुकीच्या मर्यादेत छान जुळत होतं. नव्या हिशोबाने ते ०.९४३ झालं. शंभर अपेक्षित, हजर चौऱ्याण्णव. उरलेले सहा गेले कुठे?

पुढची दहा-बारा वर्षं या सहा टक्क्यांच्या मागे फ्रान्स, रशिया, चीन, कोरिया, अमेरिका, बेल्जियम असे अर्धा डझन देश लागले. नवा मूलकण हाती लागतोय असंही अनेकांना वाटलं. मला या सगळ्या प्रकरणात कणापेक्षा अंदाजाची गोष्ट जास्त रंजक वाटते. मोजणाऱ्यांचं कौतुक होतं, नोबेल मिळतं. ‘किती यायला हवेत’ हे सांगणारा माणूस मात्र कोपऱ्यात बसलेला असतो, आणि सगळा खेळ त्याच्या आकड्यावर चाललेला असतो.

हे कण म्हणजे प्रतिन्यूट्रिनो. अणुभट्टीत युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटलं की त्याचे दोन तुकडे होतात, आणि या तुकड्यांत न्यूट्रॉन गरजेपेक्षा जास्त असतात. एकेक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलत जातो, आणि प्रत्येक बदलात एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो. यालाच बीटा ऱ्हास म्हणतात. उदाहरण म्हणून रुबिडियम-९२ घ्या. त्याचं अर्धायुष्य साडेचार सेकंद. त्याचं स्ट्रॉन्शियम-९२ होतं, ते दोन तास चाळीस मिनिटांच्या अर्धायुष्याने यिट्रियम-९२ होतं, आणि ते साडेतीन तासांच्या अर्धायुष्याने झिर्कोनियम-९२ होऊन एकदाचं थांबतं. एका तुकड्यामागे तीन प्रतिन्यूट्रिनो. असे शेकडो प्रकारचे तुकडे, हजारो वाटा. सरासरी काढली तर एका विखंडनामागे सुमारे सहा. भट्टीत निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी चार-पाच टक्के हे कण घेऊन जातात. ती ऊर्जा ना पाणी तापवते, ना टर्बाइन फिरवते. भिंत, शिसं, डोंगर, पृथ्वी, कशालाही न जुमानता ती निघून जाते.

आकडे किती मोठे आणि किती छोटे असतात, हे आपल्या घराजवळच पाहता येईल. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून ‘ध्रुव’ ही १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेची संशोधन भट्टी आहे. नैसर्गिक युरेनियमवर चालणारी आणि जड पाणी वापरणारी. तिच्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटरवर ‘इस्मरान’ नावाचा प्रयोग मांडला गेला. सिंटिलेटर, म्हणजे कण आदळला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या ९० दांड्या, प्रत्येक एक मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर जाडीची, प्रत्येकीवर गॅडोलिनियमचा लेप दिलेला पातळ पापुद्रा गुंडाळलेला. वजन साधारण एक टन. बाहेरून शिशाचं आणि बोरॉन मिसळलेल्या पॉलिथिनचं कवच.

आता कागद-पेन्सिल घेऊ. १०० मेगावॉट म्हणजे सेकंदाला तीनवर अठरा शून्यं इतकी विखंडनं. सहाने गुणलं की प्रतिन्यूट्रिनो. १३ मीटरच्या गोलावर ते पसरले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला जवळपास ९०० अब्ज जातात. एक टन प्लास्टिकमध्ये पाचवर अठ्ठावीस शून्यं इतके हायड्रोजनचे प्रोटॉन त्यांची वाट अडवून उभे. आणि दिवसभरात टक्कर किती? साडेतीनशे ते चारशे. त्यातही डिटेक्टरला खात्रीने ओळखता येतील असे थोडे. बाकीच्या वेळी तो वैश्विक किरणांचा आणि भट्टीतून आलेल्या गॅमा किरणांचा गोंगाट ऐकत बसतो. खऱ्या टकरीची खूण ठरलेली. प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनला धडकला की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निघतात. पॉझिट्रॉनची चमक लगेच दिसते. न्यूट्रॉन काही डझन मायक्रोसेकंद भटकून गॅडोलिनियमच्या तावडीत सापडतो, तेव्हा दुसरी चमक. या दोन चमका जोडीने आल्या तरच मोजायचं.

वरच्या गुणाकारात मी सरळ ‘सहाने गुणलं’ असं लिहून मोकळा झालो. सगळी ग्यानबाची मेख त्या सहात आहे. कारण टक्कर होण्यासाठी प्रतिन्यूट्रिनोकडे किमान १.८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा लागते. सहापैकी जेमतेम दीड या पायरीवर चढतो, आणि ऊर्जा जितकी जास्त तितकी टक्कर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे नुसते ‘किती’ सांगून भागत नाही. कुठल्या ऊर्जेचे किती, हा पूर्ण वर्णपट सांगावा लागतो. शिवाय भट्टीत एकटं युरेनियम-२३५ नसतं. युरेनियम-२३८, प्लुटोनियम-२३९ आणि प्लुटोनियम-२४१ हेही फुटत असतात, आणि प्रत्येकाच्या तुकड्यांची यादी वेगळी. नेहमीच्या वीजभट्टीत ९९ टक्क्यांहून जास्त विखंडनं या चौघांची. अंदाज बांधणारा माणूस आधी भट्टीची उष्णता घेतो, मग एका विखंडनामागची ऊर्जा (युरेनियम-२३५ साठी सुमारे २०२ एमईव्ही, प्लुटोनियम-२३९ साठी सुमारे २११), मग इंधन जळत गेल्यावर चौघांचा वाटा कसा बदलला याचं संगणकीय गणित, आणि शेवटी प्रत्येकाचा वर्णपट. पहिल्या तीन पायऱ्या बऱ्यापैकी पक्क्या आहेत. चौथीवर पाय घसरतो.

पाय घसरण्याची ही पहिली वेळ नव्हती. प्रतिन्यूट्रिनो पहिल्यांदा खात्रीने पकडला तो फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हरच्या भट्टीजवळ. (त्याआधी अणुबॉम्बच्या स्फोटाशेजारी खड्डा खणून त्यात डिटेक्टर सोडायचा, असा त्यांचा बेत होता. भट्टीवर काम भागतंय हे लक्षात आल्यावर तो सोडला, ते बरं झालं.) टकरीच्या शक्यतेचा त्यांनी मोजलेला आकडा तेव्हाच्या सिद्धांताशी छान जुळला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, बीटा ऱ्हासात डाव्या-उजव्याची समानता पाळली जात नाही हे सिद्ध झालं, आणि त्याबरोबर सिद्धांताचा आकडा थेट दुप्पट झाला. मग राइन्स-कोवन यांनी आपल्या उपकरणाची कार्यक्षमता पुन्हा तपासली. ती आधी जास्त धरली गेली होती. काही वर्षांत प्रसिद्ध झालेला त्यांचा सुधारित आकडाही जवळपास दुप्पट निघाला. कुणी लबाडी केली असं मी मुळीच म्हणत नाही. पण उत्तर जुळलं की माणूस चूक शोधायचं थांबवतो, हे प्रयोगशाळेलाही लागू आहे. राइन्सना नोबेल मिळालं ते १९९५ मध्ये. कोवन १९७४ मध्येच गेले होते. आपल्याकडे राइन्स हे नाव कोलारच्या सोन्याच्या खाणीमुळेही आठवतं. १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने कोलारला सापडले, आणि त्याच वर्षी राइन्स यांच्या गटाला दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत.

चौथ्या पायरीला भक्कम आधार दिला ग्रेनोब्लने. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या या फ्रेंच शहरात लाउ-लांजव्हँ संस्थेची ५८ मेगावॉटची भट्टी आहे. १९८० च्या दशकात क्लाउस श्रेकेनबाख आणि सहकाऱ्यांनी युरेनियम-२३५, प्लुटोनियम-२३९ आणि प्लुटोनियम-२४१ यांचे पातळ पत्रे आळीपाळीने भट्टीच्या न्यूट्रॉनमध्ये ठेवले, आणि बाहेर येणारे इलेक्ट्रॉन ‘बिल’ नावाच्या चुंबकी वर्णपटमापकाने मोजले. कल्पना साधी आणि सुंदर. प्रतिन्यूट्रिनो हाताला लागत नाही ना, मग त्याच्या जोडीने जन्मलेला इलेक्ट्रॉन मोजा. एका ऱ्हासात दोघांच्या वाट्याला येणारी एकूण ऊर्जा ठरलेली असते. इलेक्ट्रॉनने किती घेतली ते कळलं की उरलेली प्रतिन्यूट्रिनोची.

अडचण अशी, की मोजलेला वर्णपट हजारो ऱ्हासांचं एकत्र मिश्रण. कुठला इलेक्ट्रॉन कुठल्या ऱ्हासाचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून त्यांनी सर्वांत जास्त ऊर्जेच्या टोकापासून सुरुवात करून ३० काल्पनिक ऱ्हास बसवले. त्या तिसांची बेरीज मोजलेल्या इलेक्ट्रॉनशी जुळवली, आणि प्रत्येकाची प्रतिन्यूट्रिनोची बाजू काढून ती पुन्हा बेरजेला घेतली. युरेनियम-२३८ ला वेगवान न्यूट्रॉन लागतात, ते तिथे नव्हते, म्हणून त्याचा वर्णपट नुसत्या गणितावर राहिला; प्रत्यक्ष मोजमाप म्युनिकजवळच्या गार्खिंगच्या भट्टीवर झालं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ग्रेनोब्लचे हे तक्ते पुढची पंचवीस वर्षं वेदवाक्य होते. दुसऱ्या कुणी ते पत्रे पुन्हा भाजून पाहिले नाहीत. एवढ्या एकाच मोजमापावर सगळ्यांनी इतका भार टाकावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सॅक्लेच्या मंडळींना हे गणित पुन्हा करावं लागलं याचं कारण अगदी व्यावहारिक होतं. बेल्जियमच्या सीमेलगत असलेल्या शो गावच्या वीजकेंद्रावर त्यांचा ‘डबल शो’ प्रयोग उभा राहत होता. त्यात भट्टीजवळ एक आणि लांब एक असे दोन डिटेक्टर हवे होते. जवळचा तयार व्हायला अजून काही वर्षं होती, तोवर लांबच्यावरच भागवायचं. मग तुलना कशाशी? कागदावरच्या अंदाजाशी. म्हणून अंदाज घासूनपुसून घ्यायचं ठरलं. त्यांनी वर्णपटाचा मोठा भाग अणुकेंद्रकांच्या माहितीसंग्रहांतून बांधला, आणि उरलेल्यासाठी काल्पनिक ऱ्हास वापरले. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या पॅट्रिक ह्यूबर यांनी त्याच वर्षी केवळ काल्पनिक ऱ्हास वापरून, पण बारीक दुरुस्त्या करून, स्वतंत्र गणित केलं. दोघांचंही उत्तर जुन्यापेक्षा साधारण तीन टक्क्यांनी जास्त. न्यूट्रॉनच्या आयुर्मानाचा सुधारलेला आकडा आणि हळूहळू ऱ्हास पावणाऱ्या तुकड्यांची भर पडली, आणि तूट सहा टक्क्यांवर गेली.

दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं म्हटल्यावर विश्वास बसणं साहजिक होतं. पण दोन्ही वाटा ग्रेनोब्लच्या त्याच पत्र्यांवरून निघाल्या होत्या.

तूट दिसल्यावर एक मोहक स्पष्टीकरण तयारच होतं. न्यूट्रिनो प्रवासात आपली जात बदलतात हे सिद्ध झालेलं आहे. समजा ओळखीच्या तीन जातींखेरीज चौथी एक जात आहे, जी कशाशीच टक्कर घेत नाही: स्टेराइल न्यूट्रिनो. भट्टीतून निघालेल्यांपैकी काही पहिल्या काही मीटरमध्येच त्या जातीत गेले, तर सहा टक्के हरवल्यासारखे दिसतील. असा कण सापडला तर भौतिकीचं पाठ्यपुस्तकच नव्याने लिहावं लागलं असतं. लगोलग भट्टीला चिकटून डिटेक्टर उभे राहू लागले: अमेरिकेत ओक रिजला ‘प्रॉस्पेक्ट’, रशियात कालिनिनला ‘डान्स’, कोरियात ‘निओस’, बेल्जियममध्ये ‘सॉलिड’, आणि खुद्द ग्रेनोब्लला ‘स्टेरिओ’.

सगळेच काही या उत्साहात नव्हते. लॉस अलामॉसच्या अॅना हेस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की वर्णपटाचा सुमारे ३० टक्के भाग ‘निषिद्ध’ वर्गातल्या ऱ्हासांतून येतो, त्यांचा आकार नीट माहीत नाही, आणि त्यामुळे अंदाजातली अनिश्चितता किमान चार टक्के धरायला हवी. तूट सहाची आणि अनिश्चितता चारची, तर नव्या कणाचा दावा कशावर करायचा? हा प्रश्न तेव्हाच जोरात विचारायला हवा होता, असं माझं मत.

अंदाज गडबडलेला असू शकतो याचा दुसरा पुरावा त्याच वर्षी समोर आला. कोरियातल्या रेनो, फ्रान्समधल्या डबल शो आणि चीनमधल्या दाया बे या तिन्ही प्रयोगांना ५ एमईव्हीच्या आसपास अंदाजापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त कण दिसले. एकूण संख्येत तूट, आणि मधेच हा उंचवटा! स्टेराइल न्यूट्रिनोने असा उंचवटा येत नाही. याचं पूर्ण समाधानकारक कारण आजही हाती नाही.

खरी कलाटणी दिली दाया बेने. हाँगकाँगजवळच्या ग्वांगडोंग किनाऱ्यावर सहा भट्ट्या, प्रत्येकी २.९ गिगावॉट औष्णिक क्षमतेच्या, आणि डोंगराखाली आठ डिटेक्टर, प्रत्येकात २० टन गॅडोलिनियमयुक्त द्रव. २०१२ मध्ये याच प्रयोगाने न्यूट्रिनो किती प्रमाणात जात बदलतात हे ठरवणाऱ्या तीन कोनांपैकी तिसरा शून्य नसल्याचं जाहीर केलं होतं. जवळच्या आणि लांबच्या डिटेक्टरची तुलना केली की अंदाज दोन्हीकडून छेदून जातो, म्हणून त्या शोधाला या भानगडीचा धक्का लागला नाही. २०१७ मध्ये मात्र त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. भट्टी चालू असताना युरेनियम-२३५ कमी होत जातं आणि प्लुटोनियम-२३९ तयार होऊन वाटा उचलू लागतं. मग तूटही बदलते का? हरवणारे कण स्टेराइल झाले असतील, तर त्यांना आपला जन्म युरेनियमात झाला की प्लुटोनियमात याच्याशी काय देणंघेणं? तूट दोन्हीकडे सारखी हवी. बावीस लाख टकरी तपासल्यावर दिसलं की प्लुटोनियमचा आकडा अंदाजाशी जुळतोय, आणि युरेनियम-२३५ चा ७.८ टक्क्यांनी कमी आहे. बोट आकाशाकडून वळून थेट ग्रेनोब्लच्या एका पत्र्याकडे गेलं.

दरम्यान एक गट इलेक्ट्रॉनचा आधारच न घेता, प्रत्येक तुकड्याचा प्रत्येक ऱ्हास मांडून बेरीज करायच्या मागे होता. काम किचकट: आठशेहून जास्त तुकडे, हजारो वाटा. माहितीसंग्रहांतल्या नोंदींवर भरवसा ठेवावा तर त्यात एक जुनं दुखणं. जॉन हार्डी आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच ते दाखवलं होतं. संगणकावर एक खोटं केंद्रक बनवून, मिल्टनच्या महाकाव्यातल्या नरकाच्या राजधानीवरून त्याला ‘पँडेमोनियम’ नाव देऊन. ऱ्हासानंतर केंद्रक बरेचदा उत्तेजित अवस्थेत राहतं आणि गॅमा किरण सोडून शांत होतं. जास्त ऊर्जेचे गॅमा अनेक आणि क्षीण असतात, आणि नेहमीच्या जर्मेनियम डिटेक्टरला ते नीट पकडता येत नाहीत. विसर्जन मिरवणुकीत दूर गच्चीवर उभं राहिलं तर ढोल तेवढे ऐकू येतात, झांजा नाही; मग माणूस समजतो, पथकात नुसते ढोलच आहेत. तसंच इथे. वरच्या पातळीवर गेलेले ऱ्हास निसटतात, खालच्या पातळीच्या नावावर जमा होतात, आणि प्रतिन्यूट्रिनोच्या पदरात आहे त्यापेक्षा जास्त ऊर्जा पडते.

यावर उपाय म्हणजे सगळ्या बाजूंनी वेढणारा मोठा डिटेक्टर, जो गॅमा एकेक न मोजता त्यांची एकूण ऊर्जा मोजतो. फिनलंडच्या युव्हास्कुलाच्या प्रवेगकावर नांत आणि व्हॅलेन्सियाच्या गटांनी असे ऱ्हास एकेक करून तपासले. ओक रिजलाही काम झालं. आपलं रुबिडियम-९२ पुन्हा पाहा. सर्वांत ऊर्जावान प्रतिन्यूट्रिनोंमध्ये त्याचा वाटा मोठा. त्याचे किती ऱ्हास थेट तळाच्या पातळीवर जातात? जुन्या नोंदीत निम्म्याच्या आसपास, पुढच्या नोंदीत ९५ टक्के, आणि २०१५ च्या मोजमापात ८७.५. एकाच केंद्रकाबद्दल ही तऱ्हा, तर बाकीच्या शेकड्यांचं काय! नोंदी सुधारत गेल्या तसा बेरजेचा अंदाज खाली येत गेला. नांतच्या गटाने २०१९ मध्ये मांडलेल्या गणिताची दाया बेशी तुलना केली तेव्हा तूट उरली दोन टक्क्यांहूनही किंचित कमी.

२०२१ मध्ये मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत कोपेइकिन आणि सहकाऱ्यांनी शेवटी ते काम केलं जे तीस वर्षं कुणी केलं नव्हतं. युरेनियम-२३५ आणि प्लुटोनियम-२३९ यांचे इलेक्ट्रॉन त्यांनी पुन्हा मोजले, शेजारी-शेजारी. दोघांचं गुणोत्तर ग्रेनोब्लच्या गुणोत्तरापेक्षा सुमारे पाच टक्के कमी आलं. युरेनियमचा पत्रा जास्त दाखवत होता.

२०२३ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये स्टेरिओचे अंतिम निष्कर्ष आले. ही भट्टी जवळपास शुद्ध युरेनियम-२३५ वर चालते. गाभ्यापासून नऊ ते अकरा मीटरवर सहा कप्प्यांचा डिटेक्टर. कण वाटेत जात बदलत असतील, तर पहिल्या आणि सहाव्या कप्प्यातल्या वर्णपटांच्या आकारात फरक दिसायला हवा. एक लाखाहून जास्त प्रतिन्यूट्रिनो मोजून झाले, फरक दिसला नाही. एकूण तूट मात्र होतीच, सगळीकडे सारखी. म्हणजे भट्टीच्या तुटीचं स्टेराइल उत्तर बाद, संशयित जुना अंदाज. ज्या भट्टीत तो पत्रा भाजला गेला, तिच्याच शेजारी बसून स्टेरिओने हा निकाल दिला. वाद पूर्ण मिटलेला नाही. रशियातल्या दिमित्रोव्हग्राडचा ‘न्यूट्रिनो-४’ गट आपल्याला खूण दिसली या दाव्यावर ठाम आहे, आणि किरणोत्सारी स्रोत वापरून गॅलियमवर केलेल्या प्रयोगांतली वीसेक टक्क्यांची तूट हे वेगळंच कोडं आहे. पण गॅलियमच्या बाबतीत दोष भट्टीच्या अंदाजावर ढकलता येणार नाही, कारण तिथे भट्टीच नसते.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. एक उत्तर पहारेकऱ्यांचं आहे. प्लुटोनियम-२३९ च्या एका विखंडनामागे पकडता येण्याजोग्या टकरी युरेनियम-२३५ च्या तुलनेत दोन-तृतीयांशच. म्हणजे भट्टीची शक्ती स्थिर असतानाही प्लुटोनियम साठत गेलं की टकरी घटत जातात. भट्टीवर बाहेरून नजर ठेवण्याची ही कल्पना सोव्हिएत संघात मिकाएल्यान आणि बोरोव्हॉय यांनी १९७० च्या दशकात मांडली, आणि युक्रेनमधल्या रोव्नो केंद्रावर तिची परीक्षा झाली. पुढे कॅलिफोर्नियात सान ओनोफ्रेला भट्टीपासून २५ मीटरवर ठेवलेल्या टनभरापेक्षाही लहान डिटेक्टरने भट्टी बंद पडली की काही तासांत सांगून दाखवलं. तारापूरचे ३ आणि ४ क्रमांकाचे संच ज्या प्रकारचे आहेत, तशा जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन चालू भट्टीतच बदलतात. झाकण उघडून तपासण्याची वेळ येतच नाही. तिथे असा मापक कामाचा ठरू शकतो, आणि इस्मरानसारख्या प्रयोगाचं एक उद्दिष्ट तेच आहे. पण जमिनीच्या वर, डोक्यावर खडकाचं छत्र नसताना, दिवसाला मूठभर टकरी वेचून कुणी लपवलेलं प्लुटोनियम पकडेल, हे मला इतक्यात होईलसं वाटत नाही. काही टक्क्यांचा फरक ओळखायचा तर अंदाजही तितकाच पक्का लागतो, आणि तो किती पक्का होता हे आपण पाहिलंच.

दुसरं उत्तर चीनमधल्या जियांगमेनजवळ, ७०० मीटर खडकाखाली आहे. २० हजार टन द्रव भरलेला ‘जूनो’ डिटेक्टर ऑगस्ट २०२५ पासून नोंदी घेऊ लागला. यांगजियांग आणि ताइशान ही दोन वीजकेंद्रं तिथून ५३ किलोमीटरवर. न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम कुठला, हे वर्णपटातल्या बारीक लाटांवरून त्याला ओळखायचं आहे. मूळ वर्णपटातच आपल्याला माहीत नसलेल्या तशाच बारीक लाटा असल्या तर घोटाळा. म्हणून जूनोच्या लोकांनी कागदावरच्या कुठल्याच अंदाजावर विसंबायचं नाही असं ठरवलं, आणि ताइशानच्या एका भट्टीच्या दारात २.८ टनांचा ‘टाओ’ हा वेगळा डिटेक्टर आखला, उणे ५० अंशांवर चालणारा, म्हणजे प्रकाशमापकांचा स्वतःचा गोंगाट कमी राहावा. टाओच्या नोंदींची वाट जूनोवाले पाहतातच, पण त्यांच्याहून जास्त अधीर आहेत ते बेरीज करणारे. इतक्या बारकाईने वर्णपट दिसला तर त्यात रुबिडियम-९२ सारख्या एकेका केंद्रकाची कड वेगळी ओळखता येईल, आणि माहितीसंग्रहातली कुठली नोंद खोटी आहे ते नाव घेऊन सांगता येईल.